पंधरा दिवस माझा फोन वाजला नाही

प्रति,
कार्यकारी संचालक आणि मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक,
देशातल्या बाराही सरकारी बँका

सविनय नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेची व्यवस्थापक, घर नाशिकला.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सकाळी पावणेअकराला शाखेसमोर जीप थांबली आणि रिजनल ऑफिसचे एक सिनियर मॅनेजर दोन आठवड्यांच्या कपड्यांची बॅग घेऊन उतरले. माझ्या टेबलासमोर पपईच्या बागेसाठी कर्ज मागायला आलेले दोघे भाऊ बसले होते. साहेबांनी त्यांना नमस्कार केला, खुर्ची ओढली आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. उद्यापासून मी सक्तीच्या रजेवर. चार्ज आजच द्यायचा. भावांपैकी धाकट्याने मला हळूच विचारलं, “ताई, हाऊ नवा सायेब शे का?”

बँकेबाहेरचे लोकही हे पत्र वाचतील, म्हणून सांगते. यात शिक्षा काही नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: जोखमीच्या जागेवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचं, आणि तेही आधी कळू न देता. २०१५ साली तशा सूचना होत्या, जुलै २०२१ च्या परिपत्रकाने त्या नव्याने आणि कडक शब्दांत आल्या. कुणी घोळ करत असेल तर तो खुर्चीवर नसताना बाहेर येतो, एवढाच त्यामागचा विचार. म्हणून रजेच्या काळात त्या माणसाचा कामाशी काही संबंध ठेवायचा नाही. तिजोरी नाही, संगणक नाही. ऑफिसची ईमेल तेवढी चालू राहते.

दिवसभर आम्ही मोजत होतो. रोकड, सोनेतारणाची पाकिटं, कोरी चेकबुकं, किल्ल्यांचे जोड. साडेसहाला चार्ज लिस्टवर दोघांच्या सह्या झाल्या, माझा यूजर आयडी बंद झाला आणि रात्री मी शहाद्याहून नाशिकची एसटी धरली. बारा तारखेपासून पुढे दहा कामाचे दिवस, मधले दोन रविवार, चौथा शनिवार, शिवजयंती आणि शेवटी महाशिवरात्र, असे मिळून पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत माझा फोन वाजला नाही. “मॅडम, ती अमक्याची फाईल कुठल्या कपाटात?” एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही, कारण विचारायला बंदी होती. तेरा वर्षांच्या नोकरीत, बाळंतपणाची रजा धरून, असं पहिल्यांदाच झालं. (बाळंतपणात आठव्या दिवशी एका थकीत (एनपीए) खात्याचा तपशील विचारायला फोन आला होता. मी तो सांगितलाही.)

आता त्याच्या सहा महिने आधीचं सांगते.

ऑगस्ट २०२४. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून तीन हजार रुपये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर जमा होत होते. आधार खात्याला जोडलेलं नाही, खातं केवायसीअभावी बंद पडलंय, पैसे भलत्याच बँकेतल्या विसरलेल्या खात्यात गेलेत, अशा सगळ्याजणी शाखेत. म्हसावदकडच्या पाड्यांवरून सकाळी सहाला निघालेल्या बाया कडेवर पोरं घेऊन शटरसमोर बसलेल्या असत. आम्ही सहाजण. दफ्तरीसुद्धा फॉर्म भरून देत होता.

अशात एका बुधवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. लेकीला तीन दिवस ताप होता, ते मला माहीत होतं. तो म्हणाला, “डेंग्यू आहे. अ‍ॅडमिट केलंय. प्लेटलेट बावन्न हजार. तू घाबरू नकोस, पण ये.” त्या पावसाळ्यात नाशिकमध्ये घरोघरी डेंग्यू होता. मी लगेच रिजनल ऑफिसला फोन लावला. तिकडून आलेलं उत्तर शब्दाला शब्द लिहिते, कारण माझ्यासारख्या कितीतरींनी ते याच शब्दांत ऐकलेलं असणार: “मॅडम, रिलीव्हर कुठून आणू? दोन दिवस ओढा. आणि अर्ज आत्ता पोर्टलवर टाकू नका, उगाच पेंडिंग दिसतं.”

रिलीव्हर म्हणजे रजेच्या काळात माझ्या जागी बसणारा अधिकारी. मी दोन दिवस ओढले. नवरा दर रिपोर्टनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता आकडा पाठवत होता. ५२. ४४. ३८. त्या आकड्यांच्या मधल्या वेळात मी बायकांचे अंगठे मशीनवर टेकवून घेत होते. एका बाईचा अंगठा लागेना. शेतात काम करून रेषाच पुसट झालेल्या. तिने कडेवरचं पोर माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात पदराला पुसून पुन्हा अंगठा टेकवला. पोर माझा स्टॅम्पपॅड चाटायला लागलं. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि मशीन हिरवं होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. तेव्हा मनात काय होतं ते लिहीत बसत नाही.

त्याच संध्याकाळी कॅश टॅली होईना. नऊ हजार कमी. आमचे हेड कॅशियर जुने, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ते म्हणाले, “नऊने भाग जातोय मॅडम, कुठेतरी आकडे उलटे पडलेत.” बँकेतला हा जुना ठोकताळा आहे. रात्री पावणेनऊला सापडलं. एका बचत गटाच्या भरण्यात ४५,००० च्या जागी ५४,००० पडले होते. क्लार्कने चुकून टाकले, आणि मी पास केले. एकाने एंट्री टाकायची आणि दुसऱ्याने डोळ्यांखालून घालून पास करायची ही व्यवस्थाच मुळी अशा चुकीसाठी आहे, आणि माझे डोळे तर ३८ वर होते. एंट्री उलटवली, पैसा कुणाचा गेला नाही. पण घरच्या काळजीचा बँकेशी काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या स्लिपचा व्हाउचर नंबर माझ्याकडून जरूर घ्यावा.

शुक्रवारी रात्री मी निघाले. पहाटे नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकावर उतरून थेट दवाखान्यात गेले. प्लेटलेट वाढायला लागल्या होत्या. लेक झोपली होती. नर्सने विचारलं, “आपण पेशंटच्या कोण?”

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे रिलीव्हर नव्हता आणि फेब्रुवारीत होता. तीच बँक, तेच रिजनल ऑफिस, तीच शाखा. फेब्रुवारीत कागद निघायला माझ्या एका शब्दाचीही गरज पडली नाही. जीप आली, माणूस आला, पंधरा दिवस राहिला. म्हणजे शाखा व्यवस्थापकाला दोन आठवडे कामापासून पूर्ण तोडून ठेवता येतं, आणि शाखा चालते. तुम्ही ते दरवर्षी करून दाखवता. फरक कारणाचा आहे. मी चोर असू शकते, या शंकेला रिलीव्हर मिळतो. मी आई आहे, या खात्रीला मिळत नाही.

हे वाक्य कडू झालं, मला कळतं. पण खोडत नाही.

मला माझी नोकरी आवडते, हे इथे सांगायला हवं, नाहीतर पत्राचा सूर चुकीचा लागेल. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारे पेन्शनर आजोबा “अजून आहे बरं का मी” असं म्हणत सही करतात, तेव्हा मला बरं वाटतं. बचत गटाच्या बायका हप्ता भरायला येताना नीट घड्या घातलेल्या नोटा आणतात, आणि मागच्या वर्षी पहिल्यांदा सही शिकलेली अध्यक्ष आता माझी फाईल वाचून “इथे व्याजदर कुठे लिहिलाय?” असं विचारते. असा दिवस गेला की रात्री खोलीवर एकटीने खिचडी खातानाही काही कमी वाटत नाही. पगारही चांगला आहे, ते नाकारत नाही. आमच्याच गावात कितीतरी जणांना तेवढ्यासाठी हेवा वाटतो.

पण हे समाधान टिकत नाही. आणि ते कामाच्या बोज्याने संपतं असंही नाही, मार्च एंडिंगला आम्ही हसत-खेळत रात्री अकरापर्यंत बसलोय. ते संपतं ते आपली वेळ आपल्या हातात नाही या भावनेने. साडेसहाला शाखा बंद झाली की मी सातला लेकीशी बोलणार, असं ठरवते. पावणेसातला मेसेज येतो: सात वाजता व्हीसी, विम्याच्या टार्गेटचा आढावा, सर्व शाखा व्यवस्थापकांनी उपस्थित राहावे. व्हीसी म्हणजे व्हिडिओवरची बैठक, तिच्यात पन्नास शाखा. माझा नंबर आठ पस्तीसला येतो. मी चाळीस सेकंद बोलते. तोवर लेक झोपलेली असते. ही गोष्ट एकदा घडली तर काही नाही. पण ती कधी घडेल याचा अंदाज नसला की रोजच्या सात वाजण्यालाच अर्थ उरत नाही. मुलंही हुशार असतात. ती फोनची वाट पाहणं सोडून देतात.

१९८५ साली जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी काम आणि घर यांच्या ओढाताणीची तीन प्रकारांत मांडणी केली. आजही या विषयावरचं लिखाण तिथूनच सुरू होतं. पहिली ओढाताण वेळेची, म्हणजे इथे दिलेला तास तिथे देता येत नाही. दुसरी ताणाची, म्हणजे इथला थकवा तिथे उतरतो. या दोन्ही कुणालाही सांगायला नकोत. तिसरी वागण्याची. कामावर जसं वागावं लागतं, तसंच वागणं घरी नकळत चालू राहतं. मला पहिल्या दोनपेक्षा या तिसरीची धास्ती वाटते.

एकदा फोनवर मी लेकीला विचारत होते. गणिताचं काय झालं? का नाही झालं? कधीपर्यंत होईल? “उद्या” नको, नक्की वार सांग. तिकडून आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, “आई, तुझी व्हीसी चालू आहे का?”

नंतरच्या अनेक अभ्यासांनी हेच दाखवलंय की ही ओढाताण जितकी जास्त, तितकं नोकरीचं समाधान कमी आणि एकूण जगण्याचंही कमी. १९९८ साली एलन अर्न्स्ट कोसेक आणि सिंथिया ओझेकी यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हाही संबंध याच दिशेचा निघाला. तुमच्या प्रशिक्षण केंद्रांत हे शिकवत असतील. मला त्यात शिकण्यासारखं एवढंच वाटलं, की घराची ओढ लागल्याने माणूस फक्त घरासाठी झुरतो असं नाही, त्याचा कामावरचा जीवही उडतो. मी तेरा वर्षांत प्रमोशनची परीक्षा दोनदा सोडली. स्केल थ्री, म्हणजे माझ्या वरची श्रेणी, मिळाली की राज्याबाहेर जावं लागेल या भीतीने. ही माझी महत्त्वाकांक्षा कुठे गेली याचा हिशेब तुमच्याकडे ‘इच्छुक नाही’ या एका रकान्यात आहे.

आता त्या पंधरा दिवसांकडे येते.

पहिले तीन दिवस वाईट गेले. मी सकाळी सव्वापाचला उठून बसायचे आणि करायला काही नसायचं. लेकीचा डबा करायला गेले तर ती म्हणाली, “तू नको, बाबाला माहितीये.” खरंच त्याला माहीत होतं. पोळीला तूप आतून लावायचं, बाहेरून नाही, भाजी आणि पोळीच्या मध्ये काकडीचे काप, आणि बुधवारी डबा नको कारण शाळेत काहीतरी असतं. सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांची वेळ त्याला पाठ. तो राज्य सरकारी कार्यालयात आहे. त्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. रोजची पाऊण तास वेळ वाढली, पावणेदहा ते सव्वासहा झाली, पण शनिवार-रविवार पक्के. त्या पक्क्या शनिवारांनी आमचं घर उभं ठेवलंय. मला त्याचं कौतुक आहे आणि त्याचा हेवाही वाटतो. लिहायला लाज वाटते, पण तिच्या डब्यातल्या काकडीच्या कापांचा मला हेवा वाटला.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून लेक माझ्या आसपास घुटमळायला लागली. आठव्या दिवशी तिने मला सांगितलं की वर्गातली एक मुलगी तिच्याशी जूनपासून बोलत नाही. जूनपासून! म्हणजे मी महिन्यातून दोनदा, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, पहाटे येऊन रविवारी रात्री परत जात होते, आणि त्यातल्या एकाही भेटीत ही गोष्ट बाहेर यायला पुरेसा वेळ नव्हता. मुलांची दुखणी फोनच्या दहा मिनिटांत बाहेर येत नाहीत. आई भाजी निवडत बसलेली असावी लागते आणि तिला कुठे जायची घाई नसावी लागते.

२७ तारखेला मी शाखेत परतले. पपईवाल्या भावांचं कर्ज मंजूर झालं होतं. कॅश बरोबर, पाकिटं बरोबर. साहेब हसून म्हणाले, “मॅडम, काही सापडलं नाही हो तुमच्याकडे.” मीही हसले. मग चहा घेताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला १८ तारखेला ठरलं होतं, ते पुढे ढकललं. रिजनल ऑफिसमध्ये रिलीव्हर म्हणून पाठवता येतील असे दोनच जण, आणि फेब्रुवारीत सगळ्यांची सक्तीची रजा उरकायची असते, नाहीतर ऑडिटमध्ये गुण कापले जातात. म्हणजे माझे पंधरा दिवस त्यांच्या घरातून आले होते. मी चहा तसाच ठेवला.

म्हणून मी ‘रिलीव्हर द्या’ एवढंच मागून थांबत नाही. तेच दोघे आणखी पळतील, आणि माझ्यासारख्या बायकांना ‘सवलती’ दिल्याचं खापर त्यांच्या मनात आमच्यावर फुटेल. हा बायकांचा प्रश्न आहे असं समजून तो महिला दिनाच्या कार्यक्रमात मांडायचा प्रघात पडलाय, तोही मोडायला हवा. आमच्या शाखेत एक तरुण अधिकारी बिहारहून आलाय. मराठी शिकला, अहिराणीही थोडी कळते त्याला. त्याच्या बहिणीचं लग्न ठरवताना वडिलांनी मुहूर्त विचारला, तर याने सांगितलं, “मार्चमध्ये नको.” वडील म्हणाले, मुहूर्त पंडितजी काढतात की बँक?

तुम्ही काय करू शकता, ते मी शाखेच्या भाषेत सांगते.

सक्तीच्या रजेचं पालन झालं की नाही याचा हिशेब ठेवला जातो, तो वरपर्यंत जातो, ऑडिटर विचारतो. मग नाकारलेल्या रजेचाही हिशेब ठेवा. आज ती नाकारलीच जात नाही, कारण अर्ज टाकूच देत नाहीत. कागदोपत्री माझ्या बँकेत ऑगस्ट २०२४ मध्ये एकाही आईला नकार मिळालेला नाही. पोर्टलवर अर्ज आल्यापासून चार तासांत होकार किंवा कारणासह नकार, आणि त्या नकारांची तिमाही संख्या संचालक मंडळापुढे, एवढं केलंत तरी ‘अर्ज टाकू नका’ म्हणणारे फोन निम्मे होतील. तो आकडा दिसला की रिलीव्हरच्या जागा किती कमी आहेत तेही दिसेल. भरती करायची की नाही ते मग आकडे बघून ठरवा. आकड्यांवर तुमचा विश्वास आहेच.

व्हीसी घ्या, पण ती दुपारी घ्या, आणि आदल्या दिवशी सांगा. सातनंतर मला विचारून माझ्या शाखेचा विमा वाढत नाही.

बदल्यांचं थोडं बरं घडतंय. अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट २०१४ मध्येच विवाहित महिला कर्मचाऱ्यांना पतीच्या गावी किंवा जवळपास ठेवण्याबद्दल बँकांना कळवलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सूचना आल्या: पसंतीची ठिकाणं ऑनलाइन मागा, महिलांना जवळ ठेवा, बदल्या जूनपर्यंत आटपा, आणि हे २०२५-२६ पासून लागू करा. माझी बदलीची ऑर्डर २०२३ च्या जुलैत आली होती. शाळा सुरू होऊन महिना झाला होता, युनिफॉर्म शिवून झाला होता, म्हणून लेक नाशिकला राहिली. ती ऑर्डर एप्रिलमध्ये आली असती तर कदाचित तिला घेऊन आले असते. मी नाशिक, सिन्नर, निफाड अशी तीन नावं पोर्टलवर दिली आहेत. त्या पोर्टलच्या पलीकडे माणूस आहे का, एवढं कळावं.

पाळणाघराबद्दल फार बोलत नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. बँकेत माणसं हजारो, पण शाखेत सहा. त्यामुळे कायदा मोडला जात नाही आणि पाळणाघरही होत नाही. तालुक्याच्या गावातल्या चार-पाच बँकांनी मिळून एक चालवायला काय हरकत आहे, हा प्रश्न तेवढा ठेवते.

पाच दिवसांच्या आठवड्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. ८ मार्च २०२४ च्या, बँका आणि कर्मचारी संघटनांमधल्या वेतनकराराच्या वेळी उरलेल्या शनिवारांचाही मार्ग ठरला, रोजची चाळीस मिनिटं जास्त द्यायला आम्ही तयार झालो, आणि तेव्हापासून आम्ही सरकारच्या मंजुरीची वाट बघतोय. मार्च २०२५ मधला २४ आणि २५ तारखेचा संपही आश्वासनावर पुढे गेला. माझा या मागणीला पूर्ण पाठिंबा आहे. फक्त एक शंका. आज दुसऱ्या शनिवारी जसा अधूनमधून थकीत कर्जवसुलीचा ‘रिकव्हरी कॅम्प’ आणि चौथ्याला नव्या कर्जांच्या अर्जांचा ‘लॉगिन डे’ लागतो, तसं उरलेल्या शनिवारांचंही होणार असेल, तर ती चाळीस मिनिटं आम्ही फुकटच देऊ. आणि सुट्टीला घरी जायचं तर मुख्यालय सोडण्याची परवानगी मागायचीच आहे. शनिवारी रात्री आपल्याच घरी झोपायला मी लेखी परवानगी घेते, हे सासूबाईंना अजून पटत नाही. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

आणि कृपा करून ते वेबिनार थांबवा. मागच्या डिसेंबरात ‘काम आणि आयुष्य यांचा समतोल’ या विषयावर तज्ज्ञ बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. मी नाशिकला घरी होते. लेक पडद्यात डोकावली, तर बाईंनी प्रेमाने तिला हात केला आणि म्हणाल्या, “बघा, असे क्षण जपा.” लेकीने तेवढ्यात लॅपटॉप बंद केला. माझी गैरहजेरी लागली.

हे पत्र मी नाव न घालता लिहितेय. नाव घातलं तर माझी पसंतीची तीन ठिकाणं तीन राज्यांत होतील, असं सहकारी सांगतात. मला तसं वाटत नाही, पण त्यांना तसं वाटावं हेही तुम्हाला कळलेलं बरं.

सोबत एक विनंती जोडते. सोमवारी, १६ जूनला आमच्याकडच्या शाळा उघडतायत. लेक पाचवीत जातेय, शाळा नवी आहे. त्याच दिवसांत पीककर्जाच्या नूतनीकरणाची गर्दी असते, तीस जूनच्या आत परतफेड केली तर शेतकऱ्याला व्याजसवलत मिळते, त्यामुळे शाखा भरलेली असणार, हे मला माहीत आहे. म्हणून दोनच दिवस मागतेय, १६ आणि १७. अर्ज आज सकाळी पोर्टलवर टाकला आहे. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ हा पर्याय निवडावा लागला, दुसरा जवळचा पर्याय नव्हता. जळगावच्या साहेबांना पाठवू नये, त्यांच्या वडिलांचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे.

रिलीव्हर कोण येतोय ते १३ तारखेपर्यंत कळवलंत तर चार्ज लिस्ट तयार ठेवते.

आपली विश्वासू,
एक शाखा व्यवस्थापक, स्केल टू
जिल्हा नंदुरबार
मे २०२५